निजामशाहीची समुद्राकडची खिडकी

गळीत हंगाम संपला की भवानीनगरात जरा उसंत मिळते. तिथल्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सारी नोकरी झाली, त्यामुळे सहल म्हटली की ती मोळी बंद झाल्यावरच, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. यंदा कोर्लईच्या गडावर गेलो. रेवदंड्याची खाडी समुद्राला मिळते तिथे पाण्यात घुसलेली ही लांबट, अरुंद टेकडी. गाडी दीपगृहापाशी ठेवायची आणि पायऱ्या चढायच्या. वर पोचलात की तिन्ही बाजूंना पाणी. समोर रेवदंडा, त्यातला जुना सातमजली मनोरा. आत साळावच्या कारखान्याचं धुराडं. माझी नजर आधी धुराड्याकडेच गेली, हे ओघानं आलंच.

घाटावरच्या माणसाचा इथे काय संबंध, असं वाटेल. पण आमचं भवानीनगराकडचं इंदापूर आणि हे रेवदंड्याला लागूनचं चौल एकेकाळी एकाच राज्यात होतं. मालोजीराजे भोसले अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार, ते इंदापुरास लढाईत पडले. त्या नगरच्या राज्याला समुद्राकडे उघडणारी मोठी खिडकी म्हणजे चौल. फौजेचे अरबी घोडे इथेच उतरायचे आणि घाट चढून वर यायचे. खिडकीच्या तोंडाशी मात्र पोर्तुगीज बसले. १५२१ च्या सुमारास निजामशहानेच त्यांना रेवदंड्याला बांधकामाची परवानगी दिली. पुढे पस्तावून १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने महिनोन् महिने वेढा घातला, तरी रेवदंडा पडला नाही.

मग १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने कोर्लईची ही टेकडी हेरली आणि गड बांधायला घेतला. इथे तोफा चढवल्या की खाली खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत माऱ्यात येतं. वरून पाहिलं की हे कुणालाही कळतं. नकाशा लागत नाही. पोर्तुगिजांनाही कळलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी हल्ला केला. सांगतात की पळापळीत दारातच हत्ती कोसळला आणि दार लावता येईना. कारखान्याच्या गेटात उसाची भरली ट्रॉली उलटली की काय होतं ते मी पाहिलंय, त्यामुळे ही गोष्ट मला तरी पटते. गड गेला. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला आणि नगरवर मोगल चालून आले. कोर्लईकडे बघायला कुणाला सवड उरली नाही.

निजामशहाने आरंभलेल्या जागेवर पोर्तुगिजांनी मग दीडशे वर्षं मुक्काम ठोकला. तटाला आडव्या भिंती घालून एकामागून एक दरवाजे केले, म्हणजे एक पडला तरी पुढचा लढवता यावा. त्यांचा कोरीव शिलालेख आहे, चर्चच्या उभ्या भिंती आहेत. आणि त्याच माथ्यावर महादेवाचं देऊळ, पुढ्यात तुळशीवृंदावन. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेच्या वेळी, १७३९ मध्ये, सुभानराव माणकरांनी गडाला वेढा घातला आणि १७४० च्या तहात रेवदंडा-कोर्लई मराठ्यांकडे आले. बुरुजांना नवी नावं मिळाली. माझं मत विचाराल तर हा विजय उशिराचा. तोवर चौलच्या बंदराची रया गेली होती आणि व्यापार मुंबईकडे वळू लागला होता. खिडकी हाती आली, पण तिच्यातून यायचं ते वारं फिरलं होतं.

गोरे गेले, तरी पायथ्याच्या कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलतात. गोव्याशी, पोर्तुगालशी संबंध तुटून पावणेतीनशे वर्षं झाली, तरी काही शे माणसांनी ती जपली आहे. उतरल्यावर दोन बायका टोपल्या पुढ्यात घेऊन आपसात तसलंच काही बोलत होत्या. मला एक शब्द कळेना. सुरमईचा भाव विचारला, तर त्यातली एक मला आपादमस्तक न्याहाळून चोख मराठीत म्हणाली, "घाटावरचे ना? मग काका, तुम्हाला कापून द्यावी लागेल."