रॉकेलचा डबा ते अल्ट्रासॉनिक : विठ्ठलवाडीतल्या एका टेबलाचा इतिहास

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा गाईडकडून परत आला तेव्हा पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलेलं होतं : "हे यंत्र कधी शोधलं गेलं ते मला माहीत आहे. ते तुझ्या मामाच्या टेबलावर का आलं, ते कुठे लिहिलंयस?"

चौदा पानं लिहिली होती मी. त्यात मामा एकदाच होता, तेही तळटीपेत.

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझा विषय कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातली घरगुती दुरुस्तीची वर्कशॉप्स. या पट्ट्यात युद्धकाळात लष्करी छावण्या होत्या, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. बराकीत राहायचं आणि त्याच बराकीच्या पुढच्या भागात धंदा करायचा ही रीत तिथूनची. माझा मामा विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर राहतो. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं वर्कशॉप आहे. दुचाकींचे कार्ब्युरेटर आणि इंजेक्टर, शिलाई मशीनचे भाग, कधी शेजारच्या दवाखान्यातला नेब्युलायझरचा पंपसुद्धा. टेबलावर तीन लिटरचं स्टीलचं चौकोनी भांडं आहे. पाणी आणि थोडा साबण घालायचा, तापमान पन्नासच्या आसपास ठेवायचं, भाग जाळीच्या टोपलीत ठेवून बटण दाबायचं. सुर्र आवाज येतो आणि गिगलरच्या भोकातून काळा धूर निघावा तसा मळ बाहेर पडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसती बघत होते.

त्या चौदा पानांत काय होतं ते आधी सांगते, कारण ते चुकीचं नव्हतं, फक्त अपुरं होतं.

१८९४ साली ब्रिटिश नौदलाची 'डेअरिंग' ही नवी जलद युद्धनौका चाचण्यांत ठरलेला वेग गाठेना. पंखा जोरात फिरला की पात्यांमागे पाणी फाटायचं, पोकळ्या तयार व्हायच्या. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी १८९५ मध्ये त्यावर निबंध वाचला आणि या प्रकाराला 'कॅव्हिटेशन' हे नाव पडलं. पुढे लक्षात आलं की या पोकळ्या मिटताना पंख्याचा धातूच खातात. हे कसं होतं याचं गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये मांडलं. गंमत म्हणजे त्या निबंधाची सुरुवात युद्धनौकेपासून होत नाही, चहाच्या किटलीपासून होते. आधण उकळायच्या आधी जे गुणगुणतं, त्या आवाजाचं ऑस्बर्न रेनॉल्ड्सनी केलेलं वर्णन वाचून त्यांना हा प्रश्न पडला होता. मूळ त्रिज्येच्या विसाव्या हिश्शापर्यंत पोकळी मिटली तर तिथला दाब दहा हजार वातावरणांच्या घरात जातो, असा हिशेब त्यांनी काढला. पोलादाचं का काही उरत नाही, ते यातून कळतं.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झच्या चकत्यांनी पाण्यात न ऐकू येणारा आवाज सोडत होते. जवळ आलेले मासे मरायचे, पाण्यात हात घातला तर दुखायचं. हे तुलाँच्या बंदरात पाहून आलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी पुढे लूमिस यांच्याबरोबर प्रयोग करून १९२७ मध्ये जोरदार अल्ट्रासाउंडचे परिणाम प्रसिद्ध केले. मग स्वस्त सिरॅमिक आलं, आधी बेरियम टायटनेट आणि १९५० च्या दशकात लेड झिर्कोनेट टायटनेट. क्वार्ट्झची गरज संपली आणि धातू खाणारा तोच बुडबुडा लहान करून, आवरून, मळ खायला लावता आला. मामाच्या भांड्याच्या तळाशी चिकटवलेल्या चकत्या त्याच कुळातल्या आहेत.

आपल्याकडचा धागाही मी जोडला होता. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटीत, ज्येष्ठराज जोशी आणि अनिरुद्ध पंडित यांनी १९९३ मध्ये कॅव्हिटेशन वापरून तेलांचं जलअपघटन करण्यावर निबंध लिहिला. पुढे पराग गोगटे, पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा यंत्रांत बुडबुड्यांचा जोर कुठे जास्त, कुठे कमी, याचे नकाशे काढण्यावर काम केलं. त्यांचा २००२ चा निबंध मी तीनदा वाचला. विठ्ठलवाडीहून लोकलने दीड तासाच्या आत असलेल्या ठिकाणी हे चाललं होतं, याचा मला फार अभिमान वाटला आणि तो मी पानभर व्यक्तही केला.

आता प्रश्न असा, की यंत्र १९५० च्या दशकापासून बाजारात आहे आणि त्यामागचं विज्ञान माटुंग्याला आहे, तर मामाने ते २०२१ मध्ये का घेतलं?

मसुद्यात मी लिहिलं होतं : 'किमती उतरल्या आणि जाणीव वाढली.' तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहिताहेत त्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. कुठल्याही वस्तूबद्दल, कुठल्याही दशकाबद्दल ते चालतं. तिथेच शंका यायला हवी होती.

शेवटी मी मामालाच विचारलं. खरं तर सुरुवात तिथून करायला हवी होती. तो इंजेक्टर उजेडाकडे धरून बघत होता. म्हणाला, "पोरी, रॉकेल मिळेनासं झालं ना."

मी वहीत 'रॉकेल' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तोपर्यंत माझ्या डोक्यात रॉकेल म्हणजे स्टोव्ह आणि कंदील. पण दुरुस्तीच्या धंद्यात रॉकेल म्हणजे धुण्याचं पाणी. पत्र्याचा ट्रे, दात घासायचा जुना ब्रश, आणि ट्रेमध्ये रॉकेल. मोठ्या ठिकाणी प्रकार वेगळा. माझे आजोबा रेल्वेत फिटर होते. ते 'बॉश टँक'बद्दल सांगायचे, कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी भरलेली टाकी, तिच्यात अख्खी बोगी क्रेनने सोडायची. घरच्या वर्कशॉपला मात्र रॉकेलच परवडायचं, कारण ते रेशनवर सबसिडीने यायचं. ते ओळखू यावं म्हणून सरकार त्यात निळा रंग घालायचं. तरी रेशनचं निळं रॉकेल स्वयंपाकघराऐवजी गॅरेजमध्ये, आणि त्याहून जास्त डिझेलच्या टँकरमध्ये जायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीत भेसळीची कारवाई करायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आलं. मी तेव्हा शाळेत होते. त्या बातमीचा आणि मामाच्या ट्रेचा काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. संबंध किमतीतल्या फरकाचा आहे : रेशनचं रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात जी दरी होती, तिच्यातच तो सगळा व्यवहार चालायचा. मामाचा महिन्याचा पाच लिटरचा डबा हा त्या दरीचा अगदी बारीकसा ओघळ.

मग घराघरांत गॅस आला, रेशनचा कोटा घटत गेला आणि २०१६ पासून केंद्राने रॉकेलचा भाव थोडा थोडा, एका वेळी २५ पैशांनी, वाढवायला सुरुवात केली. २०२० पर्यंत सबसिडी संपलीच. धोरण स्वयंपाकघरासाठी होतं, भाग धुणाऱ्याचा त्यात उल्लेखही नाही. म्हणूनच हा बदल दुरुस्तीच्या कागदपत्रांत सापडत नाही. तो पुरवठा खात्याच्या कागदांत शोधावा लागतो. माझा एक आख्खा सेमिस्टर चुकीच्या कपाटात गेला तो असा.

रॉकेलशिवाय काहीच नव्हतं असंही नाही. मामाच्या फळीवर एक रिकामी तपकिरी बाटली अजून आहे, 'सीटीसी' लिहिलेली. कार्बन टेट्राक्लोराइड. पेट घेत नाही, ग्रीस क्षणात विरघळवतं, लगेच उडून जातं. कपड्यांवरचे डाग काढायला आणि धातूचे भाग धुवायला ते आपल्याकडे सर्रास वापरलं जायचं. यकृताची वाट लावतं आणि ओझोनचीही. भारत १९९२ मध्ये मॉन्ट्रियल कराराला जोडला गेला आणि त्यानुसार १ जानेवारी २०१० पासून अशा वापरासाठी सीटीसी बंद झालं. मामाला करार माहीत नव्हता. त्याच्या भाषेत, "दुकानदार म्हणाला, माल येत नाही." एवढंच.

तिसरं कारण मात्र मामाने सांगितलं नाही, दाखवलं. एका हातात जुना कार्ब्युरेटर, दुसऱ्या हातात इंजेक्टर. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बारीक तार घालता येते, ब्रश आत जातो, हवा मारता येते. इंजेक्टरच्या टोकाची भोकं मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाची. तार घातली तर भोकाचा आकार बिघडतो आणि गाडी कायमची खराब. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकी जवळपास सगळ्या इंजेक्शनवर गेल्या. वर्षभरात त्या मामाच्या दारात यायला लागल्या. भोकात हात पोहोचत नाही, तिथे बुडबुडा पोहोचतो.

म्हणजे विज्ञान पुढे गेलं म्हणून यंत्र आलं, हे माझं म्हणणं टिकत नाही. एका बाजूने स्वस्त रॉकेल काढून घेतलं गेलं, दुसऱ्या बाजूने भोक बारीक झालं, आणि मध्ये राहिलेल्या माणसाने काही हजार रुपये घालून डबा विकत घेतला. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) बऱ्याच जणांनी वाचलं असेल. शोधांच्या तारखांऐवजी वापराचा इतिहास लिहा, असं तो म्हणतो. मी ते प्रस्तावनेत दिमाखात उद्धृत केलं होतं आणि पुढच्या चौदा पानांत नेमकं उलट केलं होतं.

आता माझ्या गाढवपणाबद्दल. आजोबांचं बॉश टँक प्रकरण डोक्यात ताजं होतं, म्हणून मी मामाला सुचवलं की साबणाऐवजी चिमूटभर कॉस्टिक टाकून बघ, रेल्वेवाले वर्षानुवर्षं तेच वापरतात. मामा नको नको म्हणत असताना मी टाकलं. कार्ब्युरेटर गिऱ्हाइकाचा होता. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर पाणी फसफसतंय आणि चकचकीत बॉडी तव्यासारखी काळी. बोगी पोलादाची असते, कार्ब्युरेटर ॲल्युमिनियमच्या जातीचा. कॉस्टिक त्याला खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये टिकत नाही हे मला बारावीपासून माहीत होतं, तरी जुन्या माणसाची आठवण पुरावा म्हणून मी जशीच्या तशी उचलली. मामाने गिऱ्हाइकाला दुसरा कार्ब्युरेटर घेऊन दिला आणि मला एक शब्द बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं.

(एक सूचना, कारण कोणीतरी करून बघेलच : या भांड्यात पेट्रोल किंवा थिनर कधीही ओतू नका. गरम होणारं, थरथरणारं विजेचं भांडं आणि पेट्रोलची वाफ. पुढचं सांगायला नको.)

चूक भरून काढायला मी माटुंग्याच्या निबंधांमुळे सुचलेलं एक काम केलं. स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल भांड्यात मिनिटभर उभी धरली. बुडबुडे जिथे जोरात मिटतात तिथे ती सुईने टोचल्यासारखी भोकाळते. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर, यंत्राची कंपनं सेकंदाला ४०,०००. म्हणजे लांबी साडेसदतीस मिलिमीटर आणि तिच्या अर्ध्यावर, सुमारे १९ मिलिमीटरवर, एकेक पट्टा यायला हवा. फॉइलवर तो आला. मधला भाग जवळपास कोरा. कोपऱ्यांत तर काहीच नाही. मामाने फॉइल बघितली, मग टोपलीकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हणून मी भाग मध्येच हलवतो." तीन वर्षं तो हे हाताने करत होता, कुणी सांगितलं नव्हतं. ती फॉइल मी वहीत चिकटवली आहे. तिसऱ्या प्रकरणाचा पहिला पुरावा आता तीच आहे.

पण प्रकरण संपत नाहीये, त्याचं कारण मोरी.

रॉकेलच्या काळात मामा ट्रेमधलं काळं रॉकेल बाटलीत ओतून ठेवायचा. गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरायचा. एक डबा महिना-महिना पुरायचा. हातांना भेगा पडायच्या, खोलीत वास भरलेला असायचा, आग लागायची भीती वेगळीच. ते सगळं गेलं, आणि मामी त्या दिवसांबद्दल एक चांगला शब्द बोलत नाही. पण साबणाच्या पाण्यात तेल असं मिसळतं की ते सुटं होत नाही, आणि ते पाणी दोन-तीन दिवसांनी फेकावंच लागतं. विठ्ठलवाडीत मोरीत गेलेलं पाणी गटारातून वालधुनीला मिळतं. ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला, १०६० सालच्या त्या शिलाहारकालीन देवळाला, वळसा घालून इकडे येते. २०१४ मध्ये उल्हासनगरात हिच्यात रात्री रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वास घेता येईना. मामाचे तीन लिटर त्यापुढे काहीच नाहीत. पण निळ्या रॉकेलच्या वेळीही आम्ही असाच हिशेब केला होता.

हे मी त्याला सांगितलं. त्याने वाद घातला नाही. टेबलाखाली वीस लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम आणून ठेवला आणि आता घाण पाणी त्यात जमा करतो. परवा गेले तेव्हा अकरावा दिवस होता. झाकण उघडून त्याने टॉर्च मारला. वर तेलाचा बारीक थर, खाली सगळं दुधाळ राखाडी. "रॉकेल दोन दिवसांत बसायचं," तो म्हणाला आणि झाकण लावलं. ड्रम निम्मा भरलाय. भरला की तो कुठे न्यायचा, हे आम्ही दोघंही अजून विचारत फिरतोय.