पंचवीस वर्षांचा हवेचा ताळेबंद

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी जरा विचारात पडलो. प्लॉट कधी घेतला, नोंदणी कधी झाली, बोअर कितव्या फुटाला लागली, हे सगळं प्रोसिडिंग बुकात आहेच आणि ते लिहायला आपले जुने पदाधिकारी समर्थ आहेत. म्हणून मी अशा गोष्टीचा इतिहास लिहायचं ठरवलं, जिची नोंद सोसायटीच्या कुठल्याच रजिस्टरला सापडणार नाही. ती म्हणजे आपल्या गच्चीवरची हवा.

बँकेत सारी हयात आकडेमोडीत गेली. रोजची नोंद रोज करायची, ही खोड काही सुटली नाही. २००१ साली इथे राहायला आलो तेव्हापासून सकाळी गच्चीवर फिरताना मी एक गोष्ट बघतो. हुजूर साहिबचा सोनेरी घुमट आज दिसतो का? स्पष्ट दिसला तर डायरीत ‘दि’, पुसट दिसला तर ‘पु’ आणि अजिबात दिसला नाही तर ‘ना’. यंत्र नाही, मीटर नाही. म्हाताऱ्या डोळ्यांचा हिशोब आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन धरून. तेव्हा याला शास्त्र समजू नये, एका रहिवाशाची नोंद समजावी.

आपण मराठवाड्याची माणसं हवामान म्हटलं की फक्त पाऊस मोजतो. मृग कोरडा गेला का, हत्तीचा पाऊस झाला का, धरणात किती टक्के आहे. त्याला कारणही तसंच आहे. १९७२ च्या दुष्काळात मी नांदेडला पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. गावाकडे घरची माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. त्या वर्षी आकाश रोज निरभ्र होतं. इतकं निळं, इतकं स्वच्छ आकाश मी पुन्हा पाहिलं नाही, पण तेव्हा त्या निळ्या आकाशाचा रागच यायचा. हवा चांगली आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

धूर तेव्हाही होताच. चुलीचा होता, बंबाचा होता. सकाळी नळासारखा उस्मानशाही मिलचा भोंगा ठरल्या वेळी वाजायचा आणि स्टेशनात मीटरगेजचं कोळशाचं इंजिन फुसफुसत उभं असायचं. पुढे माझी बदली लातूरला झाली. लातूर नुकताच, ऑगस्ट १९८२ मध्ये, उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता. तिथली छोटी रेल्वे म्हणजे जुनी बार्शी लाइट, अडीच फुटी रूळ. १९११ पासून ती लातूरपर्यंत येत होती. वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत पांढरा शर्ट घालून लातूरला बसलेला माणूस कुर्डुवाडीला उतरताना करडा झालेला असे, असं आमचे हेड कॅशिअर सांगायचे. डोळ्यात कोळशाचा कण गेला की शेजारचा प्रवासी रुमालाच्या टोकाने काढून द्यायचा. अनोळखी माणसाची ओळख व्हायची ती अशी!

लातूरची हवा नांदेडपेक्षा वेगळी. लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. नांदेड गोदावरीच्या काठी, साडेतीनशे मीटरच्या आसपास. लातूरला उन्हाळ्यातसुद्धा रात्री वारा सुटायचा. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या सोळाही रस्त्यांवर हंगामात तुरीचा भुसा उडायचा. संध्याकाळी शाखेतली लेजरं झटकली तरी पिवळी पूड निघायची. आम्ही हसायचो. व्यापार वाढतोय, ठेवी वाढतायत, मग थोडी धूळ चालायचीच.

आता आपल्या गच्चीवर येऊ. पहिली चार-पाच वर्षं डायरीत ‘दि’ भरपूर आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीला महापूर आला, सखल भागात पाणी शिरलं. त्या पानांवर घुमटाची नोंदच नाही, कारण सगळ्यांचे डोळे नदीकडे होते. मग २००८ चा गुरु-ता-गद्दी सोहळा आला. गुरू गोविंदसिंहजींच्या १७०८ मधल्या निर्वाणाला आणि गुरू ग्रंथसाहिबला गुरुगादी दिल्याला तीनशे वर्षं झाली होती. त्याआधी सगळं शहर खोदलं गेलं, रस्ते रुंद झाले. त्या काळात ‘पु’ पुष्कळ आहेत, पण ती धूळ कामाची होती, काम संपल्यावर पुष्कळशी खाली बसली. आपल्याला मोठे रस्ते मिळाले. पुढे त्या मोठ्या रस्त्यांवर गाड्या आल्या. आपल्याच पार्किंगचं बघा. सुरुवातीला सोसायटीत तीन चारचाकी होत्या. आज पाहुण्याला गाडी लावायला जागा सापडत नाही.

एका डिसेंबरात आपला वॉचमन मला म्हणाला, “साहेब, धुकं लई पडलंय आज.” मी म्हणालो, “बाबा, धुक्याला वास नसतो. हे धुरकं आहे.” हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, वर मात्र उबदार हवेचं झाकण बसतं. पातेल्यावर ताट ठेवावं तसं. मग शेतात पेटवलेल्या पऱ्हाटीचा, उसाच्या पाचटाचा, वीटभट्टीचा, डिझेलचा, शेकोटीचा सगळा धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन तापलं की झाकण उघडतं. उन्हाळ्यात वारा असतो, धूळ डोळ्याला दिसते. हिवाळ्यातला कण मात्र दिसत नाही. ज्याला पीएम २.५ म्हणतात तो कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा, थेट फुप्फुसात उतरणारा. पावसाळा हे सगळं धुऊन काढतो. माझ्या डायरीत जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उघडला की हमखास ‘दि’ असतो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. सोसायटीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी सेक्रेटरी होतो. झाडलोटीचा पालापाचोळा आणि किरकोळ कचरा मागच्या कोपऱ्यात पेटवावा, म्हणजे ट्रॉलीचा खर्च वाचेल, हा ठराव माझ्याच अक्षरात आहे. बचत झाली, वार्षिक सभेत कौतुकही झालं. आमचा फ्लॅट त्या कोपऱ्याच्या वर. सौ.ला दम्याचा त्रास होता. २०१० च्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तपासून सहज विचारलं, “घराजवळ काही जळतं का?” मी “नाही” म्हणालो. घरी आलो, डायरी काढली. तिच्या त्रासाच्या रात्री मी लिहून ठेवल्या होत्या, कारण औषधाचा हिशोब असायचा. सफाईचे, म्हणजे पेटवण्याचे वारही माहीत होते. दोन्ही समोरासमोर मांडले. बँकेत दोन खाती इतकी जुळली असती तर मी आनंदाने सही केली असती.

पुढच्या सभेत मीच माझा ठराव रद्द करायची सूचना मांडली. “एवढ्याशा धुराने काय होतं?” असं एक सभासद म्हणाले. त्यांना दोष कसा देऊ? आदल्या वर्षापर्यंत मीही तेच म्हणत होतो. सूचना थोड्या मतांनी मंजूर झाली आणि आपला कंपोस्ट खड्डा झाला. सौ. आज नाही. तिच्या जाण्याला तो धूर कारण होता असं डॉक्टरांनी म्हटलं नाही, मीही म्हणणार नाही. पण त्या रात्री मी मोजल्या आहेत.

२०१६ चा उन्हाळा सगळ्यांना आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. ज्या छोट्या गाडीच्या मार्गावर लोकांचे शर्ट काळे व्हायचे, त्याच मार्गावर आता मोठ्या रुळांवरून पाणी आलं. मी तेव्हा बहिणीकडे लातूरला होतो. गल्लीतली माणसं घागरी मोजत होती. तहान लागली की माणूस ओरडतो, आणि सरकारलाही ऐकू येतं. हवेचं तसं नाही. ती वाईट झाली तरी आपण श्वास घेतच राहतो.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानकं सतत ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई-पुण्याबरोबर लातूरचंही नाव आहे. नांदेडचं नाही. काही मित्र म्हणाले, चला, आपण सुटलो! मला तसं वाटत नाही. ऑडिटच्या यादीत शाखेचं नाव नाही म्हणजे तिथले हिशोब चोख आहेत, असं कुठला बँकवाला मानेल?

मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदी लागली. भीतीचे दिवस होते, जवळची माणसं गेली. पण डायरीत एप्रिलचं जवळजवळ अख्खं पान ‘दि’ आहे. एरवी एप्रिलमध्ये असं होत नाही. म्हणजे घुमट तिथेच होता, माझे डोळेही तेच होते. मधलं जे होतं ते आपलं होतं.

हा इतिहास आज लिहिण्याचं कारण सांगून थांबतो. गेल्या दोन हिवाळ्यांत मागच्या कोपऱ्यात पुन्हा राख दिसते आहे. खड्डा भरला, उपसायला माणूस मिळत नाही, म्हणून कुणीतरी काडी लावतं. शेतातली पऱ्हाटी आणि हमरस्त्यावरचे ट्रक आपल्या हातात नाहीत. हा कोपरा आहे. त्या बाजूच्या फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं, त्यांचं बाळ अजून वर्षाचं नाही. रौप्यमहोत्सवाच्या खर्चात खड्डा उपसण्याची आणि शेजारी दुसरा खणण्याची तरतूद करावी, एवढी माझी सूचना आहे. पहिली वर्गणी माझी.

माझी डायरी मी सोसायटीच्या कार्यालयात ठेवणार आहे. सुवर्णमहोत्सवाला मी नसेन. कुणीतरी सकाळी गच्चीवर जावं, एक अक्षर लिहावं. ‘दि’ लिहायला मिळो, हीच सर्वांना शुभेच्छा.

– एक ज्येष्ठ सभासद (निवृत्त बँक अधिकारी)