'मोबाइल फुटला' म्हणून मोकळं होऊ नका

पोस्ट जरा लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण वाचा.

परवा आमच्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. एका माणसाच्या खिशातून धूर निघतोय, तो उड्या मारतोय आणि वर लिहिलंय, 'सावधान! मोबाइलचा स्फोट'. व्हिडिओ कुठला, कधीचा, फोन कोणता, कशाचाच पत्ता नाही. तासाभरात साठ-सत्तर मेसेज पडले. कुणी म्हणे चायनाचा माल घेऊच नका, कुणी म्हणे शर्टाच्या खिशात ठेवू नका, कुणी नुसतेच हात जोडले. संध्याकाळी मॅच सुरू झाली अन् विषय संपला.

मला मात्र ऑगस्ट २००७ आठवला. आपल्या हिंगोलीत बॅटरीची एवढी भीती मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

तेव्हा मी हिंगोलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दुपारनंतर ओळखीतल्या एका काकांच्या एसटीडी बूथवर बसायचो. एसटीडीचा धंदा बसत चालला होता, म्हणून काकांनी रिचार्ज कूपन, कव्हर, चार्जर असं ठेवायला सुरुवात केली होती. जिल्हा होऊन आठच वर्षं झाली होती. १ मे १९९९ ला आपण परभणीतून वेगळे झालो. गावोगाव मोबाइल नुकते पोचत होते, आणि मोबाइल म्हणजे नोकिया. ११००, १६००, जरा हात मोकळा असेल तर ६६००. लोडशेडिंग एवढं की खेड्यात रात्री ११०० चा टॉर्च हाच उजेड. लाइट नसली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचे, नाहीतर बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात ठेवून जायचे.

१४ ऑगस्टला नोकियानं जगभर सूचना काढली. बीएल-५सी नावाची बॅटरी, मात्सुशिता या जपानी कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेली, चार्जिंगच्या वेळी तापू शकते. अशा बॅटऱ्या ४ कोटी ६० लाख. ज्याला हवी त्याला फुकट बदलून मिळेल. तोवर जगभरात तापल्याच्या घटना होत्या सुमारे १००, आणि कुणाला गंभीर इजा झालेली नव्हती. हिशोब केला तर साडेचार लाखांत एक.

पण टीव्हीवर हा हिशोब कुठं दिसणार? तिथं लाल अक्षरांत 'आपके हाथ में बम' वगैरे सुरू झालं. देशात तेव्हा सुमारे २० कोटी मोबाइल ग्राहक होते आणि त्यांत सगळ्यात जास्त हँडसेट नोकियाचेच. मोठ्या शहरांत सर्व्हिस सेंटरपुढं रांगा लागल्या. आपल्याकडं सेंटर कुठलं? १५ ऑगस्टचं झेंडावंदन उरकून लोक सरळ आमच्या बूथवर आले. कुणी बॅटरी काढून रुमालात बांधलेली, कुणी कागदात गुंडाळलेली. एकजण तर फोन स्टीलच्या डब्यात घालून, डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आला होता.

सेनगावकडचे एक आबा यायचे आमच्याकडे. त्यांनी चंचीतून बॅटरी काढून काउंटरवर ठेवली.

"पोरा, ह्ये घे. घरात ठिवू नको म्हन्ती म्हातारी."

"आबा, फोन कुठाय?"

"फोन घरी हाय. फोन कुठं फुटतोय? बॅटरी फुटती म्हनं."

तेव्हा आम्ही हसलो. आज वाटतं, त्या गर्दीत बातमी नीट समजलेला तो एकच माणूस होता.

बॅटरी सदोष आहे का हे ओळखायची एक रीत होती. मागच्या बाजूला २६ अक्षर-आकड्यांचा बारीक नंबर असायचा, तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघायचा. मी दोनशे पानी वही घेतली आणि भिंगातून बघून एकेक नंबर उतरवायला लागलो. नाव, गाव, बॅटरीचा नंबर. संध्याकाळी नेट कॅफेत जाऊन साइट उघडायची वाट बघत बसायचं. काही नंबर यादीत निघाले, त्यांच्या नव्या बॅटऱ्या पुढं कुरिअरनं आल्या. गावात कौतुक झालं, एवढी मोठी कंपनी चूक कबूल करते म्हणून.

पण वहीत बऱ्याच नावांपुढं नंबरच नव्हता. कारण त्या बॅटऱ्या कंपनीच्या नव्हत्याच. मूळ बॅटरी कधीच बसलेली, तिच्या जागी बाजारातली साठ-सत्तर रुपयांची डुप्लिकेट. स्टिकर हुबेहूब, एखाद्यावर तर नोकियाच्या जागी नोकला. आबांची त्यातलीच.

"आबा, तुमची यादीत नाही."

"म्हंजी ही फुटत न्हाई?"

"नाही. बिनघोर वापरा."

आबा बॅटरी चंचीत घालून खुशीत गेले.

सतरा-अठरा वर्षं झाली, ते माझं 'बिनघोर वापरा' मला अजून टोचतं. यादीत नाही याचा अर्थ फक्त एवढाच, की तिची जबाबदारी कुणीच घेतलेली नाही. जिची तपासणी झाली, जिचा नंबर होता, तिला लोक घाबरले. जिचा ना बाप ठाऊक ना गाव, ती घेऊन निर्धास्त घरी गेले, आणि जा म्हणून सांगणारा मीच होतो. आबांना काही झालं नाही, नशीब त्यांचं आणि माझंही.

आता ही बॅटरी तापते तरी का, ते साध्या भाषेत. आत धन आणि ऋण असे दोन थर गुंडाळलेले असतात आणि मध्ये प्लास्टिकचा पडदा, केसापेक्षाही पातळ. भोवती पेट घेणारं द्रावण. पडदा कुठं फाटला, टोचला गेला की आतल्या आत शॉर्ट होतो, उष्णता वाढते, त्या उष्णतेनं आणखी उष्णता तयार होते आणि मग ते थांबवता येत नाही. चांगल्या बॅटरीत जास्त चार्जिंग तोडणारं छोटं सर्किट असतं. डुप्लिकेटवाला पैसे वाचवतो ते तिथंच.

हे शास्त्रज्ञांना पहिल्यापासून ठाऊक होतं. १९८९ मध्येच जपानमध्ये मोबाइल फोनमधल्या लिथियम धातूच्या बॅटरीनं पेट घेतला आणि मोली एनर्जी या कॅनडाच्या कंपनीला माल परत बोलवावा लागला. त्यात कंपनीच बुडाली. नंतर १९९१ मध्ये सोनीनं त्याहून सुरक्षित लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. ज्यांच्या संशोधनावर ती उभी आहे, त्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. म्हणजे धोका पहिल्यापासून माहीत आहे, आणि तो नोंद ठेवून, माल परत घेऊन, दोष शोधूनच कमी होत आलाय.

२०१६ ची गोष्ट तर बहुतेकांना आठवत असेल. सॅमसंगचा नोट ७ ऑगस्टमध्ये आला, २ सप्टेंबरला २५ लाख फोन परत बोलावले, बदलून दिलेलेही पेटले, ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद. आपल्या देशात तो विक्रीलाही आला नव्हता, तरी विमानात तो चालू करू नका असं सांगावं लागलं. हिंगोलीच्या बाजारात लोक सात-आठ हजारांच्या साध्या सॅमसंगबद्दल विचारत होते, "ह्यो बी फुटतो का?" जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनं कारण जाहीर केलं. एका पुरवठादाराच्या बॅटरीचा कोपरा आत दाबला जात होता, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. हजारो फोन आणि बॅटऱ्या तपासून हे शोधलं. शोधायला भाग पडलं, कारण जिथं जिथं फोन पेटले तिथं नोंद झाली होती.

आता आपल्याकडं काय होतं बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये धुळ्यात खिशातला फोन पेटून एकजण भाजला. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन ७ वर्षांचा मुलगा गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशकात चार्जिंगचा मोबाइल फुटून तिघं जखमी झाल्याची बातमी आली. डिसेंबर २०२४ मध्ये गोंदिया जिल्ह्यात दुचाकीवरून जाणाऱ्या एका मुख्याध्यापकांचा खिशातल्या मोबाइलच्या स्फोटात मृत्यू झाला. प्रत्येक वेळी दोन दिवस टीव्ही, आठ दिवस व्हॉट्सॲप. बॅटरी मूळ होती का बदललेली, फुगली होती का, चार्जर कुठला होता, तपासणीत काय निघालं, हे तुमच्या-माझ्यापर्यंत कधी आलं?

'मोबाइल फुटला.' या वाक्यात कर्ता फक्त मोबाइल. बनवणारा नाही, विकणारा नाही, तपासणारा नाही. आपोआप फुटला.

हे वाक्य ऐकून मला दुसरं एक जुनं वाक्य आठवतं. 'स्टोव्हचा भडका उडाला.' माझ्या लहानपणी दर काही दिवसांनी पेपरात असायचं. भाजलेली प्रत्येक वेळी घरातली सून. कधी खरंच पंपाचा स्टोव्ह खराब असायचा, कधी त्या वाक्याआड दुसरंच काही असायचं. बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. लग्नानंतर ७ वर्षांच्या आत सून भाजून मेली तर पोलिसांना प्रश्न विचारणं भाग पडलं. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. पण भडका 'आपोआप उडाला' हे ऐकून घेणं बंद झालं, तेव्हाच खरं कारण शोधायला सुरुवात झाली, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे.

बॅटरीच्या बाबतीतही विचारलं की हलतं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर गेला. गाडीची कंपनी, मॉडेल सगळं दिसत होतं. केंद्रानं चौकशी लावली, पुढच्या महिन्यात त्या कंपनीनं १,४४१ स्कूटर तपासणीला परत बोलावल्या, आणि एआयएस-१५६ हा बॅटरीचा नियम कडक होऊन डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला.

मोबाइलसाठीही हत्यारं आहेत, आपण ती वापरत नाही. २०१४ मध्ये मोबाइल, बॅटरी आणि पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश निघाला. बॅटरीवर आयएस १६०४६ आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की बनवणाऱ्याचं नाव समोर येतं. २००७ मध्ये मी नेट कॅफेत तास-तास बसायचो, ते काम आज उभ्या उभ्या होतं. नंबरच नसेल तर आबांना मी सांगितलं तसं कुणाला सांगू नका.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष वस्तूनं इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा, दोघांवरही भरपाईचा दावा करता येतो. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात होते, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत घ्यायचा आदेश देऊ शकतं. पण त्याच्यापर्यंत घटना पोचली तर ना! हेल्पलाइन १९१५.

म्हणून माझी हात जोडून विनंती:

बॅटरी बदलताना पक्कं बिल घ्या, नंबर तपासा. दहा-वीस रुपयांसाठी बिल सोडू नका.

फोनची पाठ उचलली, बॅटरी फुगली की चार्जिंग बंद. दाबू नका, टोचू नका. लेकरांच्या उशाशी, गादीवर फोन चार्जिंगला लावू नका.

कुठं फोन पेटलाच, तर आधी माणूस, मग मेन स्विच. आग विझल्यावर उरलेला फोन, चार्जर, बिल फेकू नका. फोटो काढा, पोलिसांत नोंद करा, १९१५ ला कळवा.

आणि ग्रुपवर असा व्हिडिओ आला तर पुढं ढकलायच्या आधी एवढंच विचारा: कुठं, कधी, कोणती बॅटरी, नंबर काय?

ती दोनशे पानी वही परवा माळ्यावर सापडली. आबांच्या नावापुढं मी आडवी रेघ मारलेली आहे. ते आता नाहीत. पण ती रेघ अजून भरायची राहिलीय. आपल्या जिल्ह्यात फोन किंवा बॅटरी पेटल्याची खरी, स्वतः पाहिलेली घटना कुणाकडे असेल, तर तारीख आणि बॅटरीच्या नंबरासकट खाली लिहा. ऐकीव नको. त्याच वहीत पुढच्या पानावर उतरवून ठेवतो.