कंट्रोल म्हणून मागितलेला समुद्र

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी तुम्ही 'कंट्रोल'ची व्याख्या पाठ केली असेलच. ज्यावर कोणतीही प्रक्रिया केलेली नाही असा, तुलनेसाठी ठेवलेला नमुना. प्रयोगशाळेत ते सोपं असतं, एक परीक्षानळी बाजूला ठेवली की झालं. पण अभ्यास समुद्राचा असेल तर मासेमारी न झालेला किनारा आणायचा कुठून?

न्यूझीलंडच्या उत्तर भागातल्या ली या छोट्या गावात हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. ऑकलंड विद्यापीठाने 1962 मध्ये तिथे सागरी प्रयोगशाळा सुरू केली आणि बिल बॅलंटाइन तिचे पहिले संचालक झाले. समोरच्या खडकांत लोक मासे आणि शेवंड धरायचे. आज ज्या प्राण्याची नोंद घ्यावी तो उद्या कुणाच्या ताटात असेल, सांगता येत नव्हतं. म्हणून 1965 मध्ये विद्यापीठाकडून मागणी गेली, की किनाऱ्याचा एक तुकडा आम्हाला न धरलेला ठेवा.

अडचण अशी की तसा कायदाच नव्हता. तो 1971 मध्ये झाला, आणि त्यात उद्देश लिहिला होता 'शास्त्रीय अभ्यास'. मासे वाढतील, मच्छीमारांना फायदा होईल, असं त्यात काही नाही. गावातून आणि मच्छीमारांकडून विरोध झाला. शेवटी 1975 मध्ये सुमारे 5 चौरस किलोमीटरचं क्षेत्र राखीव झालं. मागणीपासून 10 वर्षं! तुमच्या पीएचडीचं रजिस्ट्रेशन लांबलं असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी तिथे पाणबुडे उतरले की केल्पच्या शेवाळरानांमध्ये मोठमोठे उघडे खडक दिसायचे. त्यांवर फक्त किना, म्हणजे तिथले काटेरी अर्चिन. अभ्यासकांनी नकाशे काढले, त्यात हे उजाड पट्टे 'अधिवासाचा एक प्रकार' म्हणून नोंदवले. नैसर्गिकच वाटत होते ते. पण राखीव क्षेत्रात स्नॅपर मासे आणि शेवंड वाढत गेले, तशी किना कमी झाली आणि उघड्या खडकांवर केल्प परत आलं. बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या 1999 च्या शोधनिबंधात आकडे आहेत. राखीव क्षेत्रांत उजाड पट्टे खडकाच्या 14 टक्के, बाहेर 40 टक्के. म्हणजे ज्याला सगळे 'नॉर्मल' समजत होते तो मासेमारीचा परिणाम होता. कंट्रोल नसता तर हे कळलंच नसतं.

कुणी म्हणेल, हा नुसता सहसंबंध आहे. बरोबर आहे. म्हणून पुढे शियर्स आणि बॅबकॉक यांनी अर्चिन चक्क बांधून ठेवले आणि किती खाल्ले जातात ते मोजलं. राखीव क्षेत्रात शिकारीचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा साधारण 7 पट निघालं. इतका साधा प्रयोग, पण कारण दाखवून गेला.

किनाऱ्यावरच्या लोकांना काय मिळालं? मासे बघायला येणाऱ्यांची रीघ लागली, वर्षाला लाखाहून जास्त माणसं. मच्छीमारांसाठीचा पुरावा मात्र 2017 मध्ये आला. जनुकीय चाचणीने पिल्लांचे आईबाप शोधले, तेव्हा सुमारे 40 किलोमीटरपर्यंतच्या परिसरातल्या नव्या स्नॅपर पिल्लांपैकी अंदाजे 10 टक्के या चिमुकल्या तुकड्यातल्या माशांची निघाली. मला यातला काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. क्षेत्र राखल्यावर 42 वर्षांनी हे मोजता आलं, कारण सुरुवातीला तसं तंत्रच नव्हतं.

सगळं गोडच आहे असं नाही. 2025 पर्यंत राखीव हद्द किनाऱ्यापासून फक्त 800 मीटर आत जायची. ती आखली तेव्हा शेवंडांच्या हालचालींची पुरेशी माहिती नव्हती. वर्षाच्या काही काळात ते खडक सोडून खोल पाण्यातल्या वाळूवर जातात, हे नंतर खुणा लावून केलेल्या अभ्यासांत दिसलं. तिथे, हद्दीच्या लगेच बाहेर, सापळे लावलेले असायचे. पुढच्या काळात राखीव क्षेत्रातल्या शेवंडांची संख्याही घटली. तेव्हा तुम्ही कंट्रोलची जागा निवडाल, तेव्हा तुमचा प्राणी वर्षभर कुठे कुठे फिरतो ते आधी शोधा, रेघ मग मारा.