घास उतरत नाही तेव्हा : गिळण्याच्या अडचणीचा इतिहास

१/११
कापूस आणि कोळसा ही वणीची जुनी ओळख. पानटपरीवर प्लास्टिकच्या तुकड्यात घोटला जाणारा खर्रा ही तिची, आणि साऱ्या विदर्भाची, अलीकडची ओळख. सुपारी, तंबाखू व चुन्याच्या या मिश्रणाचा शेवट अनेकदा एकाच तक्रारीत होतो : घास उतरत नाही. या तक्रारीकडे वैद्यक कसे पाहत आले, त्याचा हा मागोवा.

२/११
सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ असून त्यांपैकी १७ एकट्या कंठाचे आहेत. घास अडकल्यास रुग्णाला नकळत खांद्यावर मुठीने प्रहार करावा. आडवे रुतलेले हाड काढण्यासाठी दोऱ्याला बांधलेला केसांचा गोळा गिळावयास देऊन तो ओढून घ्यावा, असे उपाय तेथे सांगितले आहेत.

३/११
या उपायांमागील कल्पना साधी होती. घसा म्हणजे नळी, आणि त्रास म्हणजे नळीतला अडथळा. युरोपातही निराळे चित्र नव्हते. १६७४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी एका रुग्णाची हकिगत नोंदवली. देवमाशाच्या हाडाच्या लवचिक काडीला स्पंज बांधून तो प्रत्येक जेवणातील अन्न खाली ढकलत असे आणि त्यावर अनेक वर्षे जगला.

४/११
१७९० मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांच्यापुढे वेगळा रुग्ण आला. नळी मोकळी होती. लुळे पडले होते ते गिळण्याचे स्नायू. हंटर यांनी ईल माशाची कातडी काडीवर चढवून नळी बनवली आणि तिच्यातून अन्न जठरापर्यंत पोहोचवले. काही काळाने रुग्ण पुन्हा स्वतः गिळू लागला. हरवलेली क्रिया परत येऊ शकते, ही जाणीव यात होती.

५/११
श्वास आणि अन्न घशातील एकाच चौकातून जातात. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर सरकते, श्वासमार्ग मिटतो. लकव्याच्या रुग्णात ही वेळ चुकते आणि अन्नपाणी फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. सर्वांत घातक बाब अशी की कित्येकदा ठसकाही लागत नाही.

६/११
खर्ऱ्याची वाट निराळी. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील ५ भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र आक्रसलेपणा नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानीतील या आजाराचे वर्णन करून त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. जगाच्या वैद्यकीय कोशात मुंबईतून गेलेला हा शब्द आज विदर्भातील दंतवैद्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे.

७/११
या आजारात गालाच्या आतील मऊ त्वचा ताठ होते, तिखट झोंबते, तोंडात ३ उभी बोटे मावेनाशी होतात. मऊ टाळू आखडला की घास मागे सरकत नाही. काहींमध्ये पुढे कर्करोग होतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली; पण पाकिटावरील बंदीपेक्षा टपरीवर हाताने घोटल्या जाणाऱ्या मिश्रणावरील बंदी अमलात आणणे अवघड.

८/११
गिळण्याच्या उपचाराला स्वतंत्र शास्त्राचे रूप आले ते अलीकडे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या जेरी लोगमन यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बेरियम मिसळलेला घास एक्स-रेच्या चलचित्रात पाहून, मान कशी ठेवल्यास आणि अन्न किती घट्ट केल्यास तो सुरक्षित उतरेल, हे त्या शोधू लागल्या. त्याच वर्षी मुंबईत अली यावर जंग संस्था स्थापन झाली. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून होतीच.

९/११
यंत्राविनाही प्राथमिक पारख होते. १९९२ मध्ये ९० मिलिलिटर पाण्याची चाचणी मांडली गेली : पिताना खोकला येतो का, नंतर आवाज ओलसर, घरघरता होतो का? २००७ मध्ये ऑस्ट्रियातील चाचणीने क्रम बदलला. आधी दाटसर पदार्थ, मग पाणी. कारण लकव्याच्या रुग्णाला पातळ पाणी आवरणे बहुधा अधिक कठीण जाते. अर्थात या चाचण्या प्रशिक्षित हातांनीच करावयाच्या.

१०/११
येथेच माया आणि शास्त्र यांची गाठ पडते. निजलेल्या रुग्णाच्या तोंडात चमच्याने पाणी सोडणारे नातेवाईक सेवाच करीत असतात. धोका त्या सेवेतच दडलेला असतो. रुग्ण पूर्ण जागा असणे, त्याला ताठ बसवणे, लहान घास, तोंडाची स्वच्छता या गोष्टींना पैसा लागत नाही. आज पेये व अन्न ० ते ७ अशा ८ पातळ्यांत मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्या पारखीला १० मिलिलिटरची सिरिंज, काटा आणि चमचा पुरतो. ताक, आंबील, मऊ भात, भाकर ही वऱ्हाडी घराची उतरंडही तीवर बसवता येईल.

११/११
मुठीच्या प्रहारापासून चमच्याच्या मापापर्यंतचा हा प्रवास शतकानुशतकांचा आहे. मात्र तालुक्याच्या गावी गिळण्याचा तज्ज्ञ क्वचितच भेटतो आणि वणीकराला त्यासाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. ज्ञान मुंबईत नाव घेऊन ७० वर्षे उलटली. ते वणीतील रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचणे, हा या इतिहासाचा अजून न लिहिलेला भाग आहे.

(धागा समाप्त)