काटकसर शिकावी गिरणगावाकडून

‘पर्यावरणपूरक जगा’ असं कुणी सांगितलं की लालबाग-परळचे निवृत्त गिरणी कामगार गालातल्या गालात हसतात. अहो, त्यांनी दुसरं काय केलंय आयुष्यभर?

चाळीतल्या एका खोलीत पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचं. जेवण खानावळीत, एकाच चुलीवर कितीतरी जणांचं. गिरणीत चालत जायचं. जुन्या लुगड्यांची गोधडी, रद्दीच्या पुड्या. फेकायला काही उरायचंच नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबला. तेव्हा हीच सवय कामी आली, गावाकडच्या तांदळाने कित्येकांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

आजही घराच्या हक्कासाठी मोर्चा निघाला की ही म्हातारी माणसं लोकलने, घरची भाजी-भाकरी बांधून येतात.

पण एक विसरू नका. ही त्यांची हौस नव्हती, नाइलाज होता. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली महिना १००० रुपये! एवढ्यात कुणीही ‘पर्यावरणपूरक’च जगेल.

त्यांच्याकडून काटकसर जरूर शिकूया. त्यांच्या हक्काच्या पैशात मात्र काटकसर नको.