गणिताच्या प्राध्यापकाचे विद्यापीठ

उच्च शिक्षणात नव्या अध्यापनपद्धती हव्यात, असे आज सारेच म्हणतात आणि बहुधा फळ्याच्या जागी पडदा टांगून मोकळे होतात. याहून मोठा प्रयोग मराठी मुलखात १९१६ सालीच झाला होता.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजातून १९१४ मध्ये निवृत्त झाले. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये, मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून, त्यांनी आपल्याकडेही तसे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी ते पुण्यात उभे राहिले. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. विद्यार्थिनी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या!

शिकवायचे ते मातृभाषेत. इंग्रजी सक्तीची, पण एक विषय म्हणून. आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्र अभ्यासक्रमात आले. गणित ऐच्छिक झाले. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाने ते करावे, याचे मला फार अप्रूप वाटते. घरी अभ्यास करून परीक्षा देण्याचीही सोय होती. पदवीचे नाव ‘गृहीतागमा’.

मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे त्यांच्यापुढे चूल-मूलच पुन्हा मांडणे, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण ज्या घरांतून मुलगी कॉलेजात जाणेच शक्य नव्हते, तिथे विद्यापीठ तिच्या भाषेत बोलू लागले, हे त्याहून मोठे.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला लागले. कायद्याने मान्यता मिळायला मात्र १९५१ उजाडले. मान्यतेची ही वाट आम्हा होमिओपॅथीवाल्यांच्या ओळखीची आहे. आमचा केंद्रीय कायदा झाला तो १९७३ मध्ये.

आता आपल्याकडचे. १९५६ मध्ये नागपूर दुसऱ्या राज्यात गेले आणि पांढुर्णा, सौंसरची मराठी मुले हिंदी शाळांत रुळली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली. पाऊल कर्व्यांच्याच वाटेवरचे. मी त्याचे स्वागत केले. पण आमचे औषध रोग्याच्या शब्दावर ठरते. इथली म्हातारी ‘ठणका’ वेगळा सांगते, ‘कळ’ वेगळी, ‘तिडीक’ वेगळी. तिच्याच नातीने, डॉक्टर होऊन, या तिन्हींपुढे नुसते ‘दर्द’ लिहिले, तर औषध कोणते द्यायचे?